खाडीकडचा गोल

शुक्रवारी रात्री आम्ही मैदान रंगवलं.
हो, रंगवलं.
पाठीवर पंप, आंब्यावर औषध मारतात तसले,
टाकीत हिरवा रंग, पाण्यात एकास आठ.
बारा दिवसांपूर्वी इथे गाण्यांचा कार्यक्रम झाला,
त्यासाठी गवत तीन रात्री पत्र्यांखाली.
पत्रे उचलले तेव्हा खालून
ओल्या गोणपाटाचा वास आला.
साहेब म्हणाले, कॅमेऱ्यात हिरवं दिसलं म्हणजे झालं.

मढवीकाकांनी चप्पल काढून टाचेनं दाबून पाहिलं.
काही बोलले नाहीत.
ते बोलत नाहीत, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही,
की विचारत नाही म्हणून ते बोलत नाहीत,
सहा वर्षं झाली मला इथे, अजून कळलेलं नाही.

शनिवारी सात वाजता नेरूळच्या आभाळात दिवे लागले.
नवव्या मिनिटाला पहिलं ढेकूळ उडालं.
मी कॉर्नरच्या झेंड्यामागे बसून मोजत होते.
मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.
पूर्वार्धात एकशे सहा.
पाहुण्यांचा चौदा नंबर घसरून पडला,
उठून त्यानं गुडघ्यावरचा हिरवा बोटानं पुसला,
बोटाकडे पाहिलं,
मग नाकाशी नेलं.
जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला,
पण हिच्या पोटात वीतभर वाळू
आणि त्याखाली सगळा भराव.

मध्यंतरात आम्ही बाराजणी काटे घेऊन आत धावलो.
वर लोक वडापावच्या रांगेत,
खाली आम्ही वाकून
उपटलेलं पुन्हा जागेवर लावतोय,
अंगठ्यानं दाबत, मागे मागे सरकत.
"ही तर आवणीच गो," चांगुणा हसली,
"नुसता चिखल नाय, नि वीस हजार माणसा बघतान."
कुणी बघत नव्हतं. जाहिराती चालू होत्या.

खाडीकडच्या गोलपुढे काटा टोचला
तर वर पाणी आलं.
काकांनी बोट बुडवून जिभेला लावलं
आणि माझ्यापुढे धरलं, जणू मीही चाखावं.
"पुनव हाय," म्हणाले.
"उधानाचा खारा चरतंय. आम्ही हितं राता लावायचू.
खाऱ्यान तोच भात टिकतंय."
"साहेबांना सांगितलंत?"
"पायपा टाकलीन तवा सांगितला. त्यांनी लिवून नाय घेतला."

आम्ही ती जागा जमेल तशी बुजवली.
एक्काहत्तराव्या मिनिटाला चेंडू तिकडेच आला,
काही विशेष जोर नव्हता त्याच्यात.
रेमरुआतानं डावा पाय रोवला
आणि पाय जिथे रोवला ती जमीनच
चादर ओढावी तशी सरकली.
तो पडला तेव्हा चेंडू त्याच्या शेजारून
सावकाश आत गेला. अगदी सावकाश.
इतका वेळ मिळाला मला
की मी मनात काटा घेऊन तिथे पोहोचले होते.

शून्य-एक.

नंतर पत्रकारांपुढे प्रशिक्षकानं
टेबलावर एक ढेकूळ ठेवलं, पुरावा म्हणून.
मी दाराशी पाण्याच्या बाटल्या धरून उभी.
फोटो निघत होते.
त्याला मुळं होती, दोन बोटं, पांढरी,
पण ती बाजू प्रशिक्षकाकडे होती.

अर्धे दिवे विझल्यावर आम्ही पुन्हा आत गेलो
तर गोलपुढे रेमरुआता उकिडवा बसलेला,
हातमोजे तसेच.
उखडलेला एक तुकडा खळग्यात ठेवून
तळव्यानं थोपटत होता.
मी थांबले. चांगुणाही थांबली.
काका मात्र सरळ चालत गेले,
त्याच्याशेजारी टेकले, तुकडा उचलला,
फिरवला,
बसवला.
"उलटा लावला व्हतास," म्हणाले.
त्याला मराठी येत नव्हतं.
त्यानं शेजारचा दुसरा तुकडा उचलला
आणि लावण्याआधी काकांना दाखवला.