एकच रेघ

बूट दोन नंबर मोठे मिळाले,
बोटांशी वर्तमानपत्र कोंबून घातले.
हेल्मेट भुवयांवर येऊन बसणारं.
आणि पहिला महिना यंत्राला हात नाही,
हातात दाताळं.

सरोवराचं पाणी आत येतं त्या तोंडाशी
गजांच्या जाळीला जलपर्णी चिकटते,
वर जांभळी फुलं, खाली मणभर चिखल.
ओढ, टाक. ओढ, टाक.
एकदा तिच्यासोबत डाव्या पायाची चप्पल आली,
एकदा जिवंत साप.
"हेच का शिक्षण?" मी विचारलं.
ओपोंडो म्हणाले, "पाणी कुठून येतं
ते आधी खांद्यांना कळू दे."

मग वास.
तुरटीला वास नसतो म्हणतात. असतो,
ओल्या पाटीसारखा.
क्लोरीन सुटला तर वारा येतो तिकडे पळायचं,
आणि चढावर,
तो जड असतो, पायांशी येऊन बसतो
ओळखीच्या कुत्र्यासारखा.
मग आवाज. तीन पंप, दुसरा जरा घोगरा.
"हात ठेव त्यावर. तसा नाही.
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा."

मामा विचारतो, करतेस काय तिथे?
पाणी बनवते, म्हटलं.
तो इतका हसला की सुकत घातलेल्या ओमेना मासळीवरच्या
माश्या उडाल्या.

माझं नाव आवुओर.
मध्यरात्र उलटल्यावर जन्मलेल्या मुलीला
आम्हा लुओंमध्ये हे नाव ठेवतात.
रात्रपाळी लागली तेव्हा आई म्हणाली,
नावानेच नोकरी शोधली.

त्या रात्री वाऱ्याने सरोवर तळापासून ढवळलं.
पाणी आलं ते दुधाच्या चहासारखं.
काठावर पाणघोडा खाकरत होता.
सहा काचपात्रं ओळीत, प्रत्येकात तुरटी
आधीच्यापेक्षा थोडी जास्त,
पाती फिरली, मंदावली, थांबली.
आता नुसतं बघायचं.
चौथ्यात दही लागावं तसं काहीतरी धरू लागलं,
जड झालं, खाली बसलं,
आणि वर उरलं ते पाणी.
ओपोंडो खुर्चीत, डोळे मिटलेले.
"चौथं," मी हळूच म्हणाले.
"मग वाट कुणाची बघतेस?"

व्हॉल्व माझ्या हाताने फिरला.

तुरटी बरोबर पडली. चूक पुढे झाली, क्लोरीनमध्ये.
पहाटे चारला मोजलं तर शून्य पूर्णांक नऊ.
हवं होतं पाच.
आणि रजिस्टरात मी पाच लिहूनही टाकलं होतं,
मोजण्याआधी, रोजच्या सवयीने.
ड्रॉवरमध्ये ब्लेड होतं. हलक्या हाताने खरवडलं
तर कागदाला कळतही नाही.

ओपोंडोंनी ब्लेड काढून घेतलं,
पेन्सिलीला टोक केलं, परत ठेवून दिलं.
"एकच रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी खरा आकडा. वेळ. सही."
मी रेघ मारली. वाकडी आली.
बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते.
"कॉलऱ्याच्या साली," ते म्हणाले,
"आमचं रजिस्टर फार स्वच्छ होतं.
एक रेघ नव्हती त्यात."
मग उठून दुसऱ्या पंपावर हात ठेवायला गेले.

आमच्या घरी नळ नाही.
आई कोपऱ्यावरच्या टपरीतून
वीस लिटरचा पिवळा कॅन विकत आणते,
झाकण घट्ट बसत नाही, वाटभर तिची पाठ भिजते.
मी पोचले तेव्हा तिने पेला तोंडाला लावला होता.
"वास येतोय आज," ती म्हणाली.
"कुणीतरी जास्त घातलंय."

मी बूट काढले. वर्तमानपत्राचा लगदा झाला होता.
"मी," म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं.
आणखी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला,
बाजारात मीठ चाखून बघते तसा.
"हं," म्हणाली,
आणि उरलेला पेला
माझ्यासमोर सरकवला.