मंगळवारची बाई

ग्दिनियाच्या हॉस्पिसमधल्या वहीत
नाव लिहिलं: बोग्ना.
नात्याचा रकाना कोरा सोडला.

एकोणीस वर्षांनी बाप,
आणि तोही एवढासाच!
जहाजांचं पोलाद सांधणारे हात
चादरीवर,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यांसारखे.

त्याने डोळे किलकिले केले.
"नखं कापायला आलात?
मंगळवारी येते ना एक बाई..."

म्हटलं, हो.

कात्री त्याच्याच खणात होती.
नखं पिवळी, शिंगासारखी राठ.
मनगटावर ठिणग्यांचे जुने डाग,
लहानपणी मी ते मोजत बसायचे,
सतरापर्यंत आले
की तो हात काढून घ्यायचा.

आज सतराच्या पुढेही गेले.

"मला एक मुलगी आहे," तो छताला म्हणाला.
"यायची नाही ती.
माझ्यावर गेलीय."

खाली गोदीत एक क्रेन
रिकामाच आकडा घेऊन वळत होती.
ती पुरती वळेपर्यंत
मी कात्री धरून थांबले.

मग विचारलं, "दुखत नाही ना तुम्हाला?"
बापाला
जन्मात पहिल्यांदा अहोजाहो.

"छे. हात हलका आहे तुमचा."

डाव्या हाताची करंगळी राहिली.
झोप लागली होती त्याला.