बर्फ धरून

ओनोमिचीच्या चढावर, एकशे बारा पायऱ्यांनंतर
हिसानोबू कुराताचं स्वयंपाकघर.
तीस वर्षं त्यानं बंदरावरच्या मासळीबाजारातले काटे तपासले.
खोट दिसली की शिक्का नाही.
कोळी शिव्या द्यायचे. देऊ देत.

दोन हिवाळ्यांमागच्या तापात त्याचं नाक गेलं.
जिभेला आता कळतं ते फक्त गार आणि गरम.
म्हणून कॉफी तो आकड्यांनी करतो:
साठ ग्रॅम, खडेमिठासारखी जाडसर दळलेली,
पाणी सातशे वीस,
फ्रीजमध्ये चौदा तास.
वहीत तारीख, वजन, आणि एक रकाना चवीचा,
जो त्याला भरता येत नाही.

तो भरते चाळीस पायऱ्या खाली सलून चालवणारी
तोकिए मुराओका.
पहिल्या दिवशी म्हणाली, "छान आहे."
त्यानं लिहिलं नाही. छान हे माप नव्हे.
दुसऱ्या दिवशी: "अंगणात विसरलेल्या कपासारखी."
एकास बारा खोडलं. एकास दहा.
"पलीकडच्या खोलीत कुणीतरी बोलतंय."
एकास आठ.
ती बराच वेळ गप्प.
मग, "आली. समोर येऊन बसली."

हा आकडा त्यानं शाईनं लिहिला.

ऑगस्टमध्ये, बोटीसुद्धा हलेनात अशा दुपारी,
ती अर्धा कप ठेवून उठली.
"रागावू नका. शेवटी शेवटी पाणी लागतं."
त्यानं काटा उलटा करून पाहिला,
वजनं पुसली, परत ठेवली.
साठ. चारशे ऐंशी.
खोट नव्हती कुठेच.
कपाच्या तळाशी नखाएवढा बर्फ
विरत होता, कुणाच्याही हिशेबात नसलेला.

मासा तोला, बर्फ नको:
तीस वर्षं हेच ओरडत आला होता तो बाजारात.
कान लाल झाले त्याचे.
आणि सगळ्या कपात जे एकच त्याला कळत होतं,
नेमकं तेच मोजायचं राहिलं होतं.

सकाळी काट्यावर खडे ठेवले,
चार तिचे, चार आपले. एकशे साठ.
पाणी तीनशे वीसच घेतलं,
वहीत शाईच्या ओळीपुढे पेन्सिलीनं: बर्फ धरून.

संध्याकाळी दुकानाचा पडदा ओढून ती वर आली,
पायऱ्यांवर दोनदा थांबत.
हातांना पोमेडचा वास असेल तिच्या. असावा.
त्यानं कप पुढे सरकवला,
आणि शेवटच्या घोटापर्यंत
काही विचारलं नाही.