फाटक्या कानाचा

ताण्याला खळ लागते मैद्याची,
तेवढंच निमित्त पुरतं त्यांना.
धागा त्यांना नकोच असतो.
खळ चाटता चाटता तो मध्ये येतो
आणि तुटतो.

सकाळी भरमाण्णा मागापुढं उभा राहिला, बटण न दाबता.
दोनशे सतरा धागे. मी मोजले.
एकेक टोक हुडकायचं, गाठ मारायची,
फणीतनं ओवायचं.
दिवस गेला, साडी बोटभर पुढं सरकली नाही.
मालकाच्या वहीत
उंदरासाठी रकाना नाही.

खडेबाजारातला म्हणाला, वडी न्या,
खाल्ली की बाहेर जाऊन मरतात.
गेल्या साली तसाच एक बाहेर जायला निघाला होता,
तो फळीमागच्या भिंतीपर्यंतच पोचला.
आठ दिवस आम्ही नाकाला पदर लावून जेवलो.
चिकट पुठ्ठा एकदाच लावला.
रात्रभर त्याचं ओरडणं सुलूनं ऐकलं
आणि सकाळी शाळेला गेली नाही.
डांबरगोळ्या जाऊबाईंनी सांगितल्या होत्या.
त्या सगळ्या सकाळी पिठाच्या डब्याखाली मिळाल्या,
कुणी गोट्या खेळून लपवून ठेवाव्यात तशा.

शेवटी शनिवार खुटावरनं पिंजरा आणला, दीडशेला.
आत सुक्या बांगड्याचं डोकं.
तिसऱ्या रात्री खट्ट.
लहानच होता. डावा कान फाटलेला,
कंडक्टरनं तिकीट फाडावं तसा.
“यळ्ळूरच्या शेतात सोडून येतो,”
म्हणून भरमाण्णा सायकल घेऊन गेला
आणि चहा उकळायच्या आत परत आला.
मी काही विचारलं नाही.

चार दिवसांनी पुन्हा खट्ट. तोच कान.
“वाट ठावं झाली असंल त्याला,” भरमाण्णा म्हणाला,
आणि वर पत्र्याकडं बघत राहिला.

शुक्रवारी पलीकडची निंबेव्वा दारात,
हातात तिचा पिंजरा, पदराखाली झाकलेला.
“इली नोड्री,” म्हणाली.
मी वाकून बघितलं.
“अगं, हा तर आमचा!”
“इल्ल, नम्दु,” ती म्हणाली,
आणि तीन बोटं दाखवली.
तिसऱ्यांदा सापडला होता.
तिचा पोरगा त्याला कुठं सोडायचा
ते तिनं सांगितलं नाही,
पण आमच्या मोरीकडं एकदा बघितलं.
मीही भरमाण्णाची सायकल सांगून टाकली.
हसता हसता तिला ठसका लागला,
पिंजऱ्यातला कोपऱ्यात सरकून बसला.

दुपारी फळी सरकवली.
तिकडं तिनं ज्वारीचं पिंप हलवलं.
भोक एकच. पेन्सिल जाईल एवढं.
माझ्याकडं भांडी घासायची तारेची घासणी,
तिच्याकडं फुटक्या बांगड्यांचा डबा, सगळा हिरवा,
सिमेंट गटारीच्या कामावरनं मागून आणलेलं.
ती तिकडनं काच कोंबणार, मी इकडनं तार.
मधोमध कुठंतरी तिच्या बोटाला माझं बोट लागलं,
ओलं, खरबरीत, चटकन मागं गेलं.
“आय्तु?”
“होय, झालं.”
“काय करूलीसा गे दोघी भिंतीत?” भरमाण्णानं मागावरनं ओरडून विचारलं.

रात्री जाग आली.
काहीतरी कमी होतं.
पहाटे साडेचारला तिचा कांड्या भरायचा राट सुरू होतो,
कुर्र कुर्र, मध्येच थांबून, पुन्हा.
इतकी वर्षं मी त्यावर उठत होते
आणि मला वाटायचं, आपोआप उठते.
त्या दिवशी दूधवाल्यानं दार वाजवलं.

ताणा शाबूत होता. एकही धागा नाही.
सुलूनं घमेलं दाखवलं.
तळाशी उरलेलं सिमेंट रात्रीत घट्ट झालेलं,
आणि त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत
तांदळाएवढी पावलं.
आलेली की गेलेली,
ते आम्ही दोघीही
घमेलं फिरवून फिरवून बघितलं.