पाच जागा

तार्तूमध्ये मार्च म्हणजे ना बर्फ ना पाणी,
मधलंच काहीतरी, घोट्यापर्यंत.
नदीकाठच्या गोदामावर, दुसऱ्या मजल्यावर,
उर्वे कॉफी विसरून बसली आहे
एकतीस रकान्यांसमोर.

रंग. टाच. अस्तर. कंपनी. देश.
चेन की नाडी. तळव्याची जाडी.
हिऱ्याला पैलू पाडावे लागतात;
जोड्याला ते आपसूक पडत जातात,
दर पुरवठादारामागे एखादा.
फोनच्या पडद्यावर मावतात पाच.
सहावा 'आणखी'च्या खाली,
आणि तिथवर कुणाचं बोट जात नाही,
हे बोटांनीच तिला सांगितलंय, दोन वर्षं.

तार्वो म्हणतो, कंपनीचं नाव वर हवं,
कंपन्या त्याचेच पैसे देतात.
खरं आहे. हीटर त्याच पैशांवर चालतो.
आणि रंग? रंग कोण काढतं का कधी?
उर्वे मोजते: सातशे जोड्यांत
चारशे नव्वद काळे.
काळ्यातून काळं निवडायला
चाळणी कशाला.

मग ती उघडते लोकांनी टाइप केलेले शब्द,
चुकांसकट, जसेच्या तसे.
'बुट बाई काळे'
'बूट जे चावत नाहीत'
'न वाकता घालायचे'
रात्री दोन चाळीसला कुणीतरी: 'पाय सुजलेले रुंद'
दोन बेचाळीसला तेच कुणीतरी: 'रुंद'
मग नुसतं: 'बूट'.

या शेवटच्या शब्दाशी ती बराच वेळ थांबते.

रुंदीचा रकाना आहे. तेविसावा.
सातशेपैकी सहाशे अकरा ठिकाणी कोरा.
त्यांनी भरला नाही, यांनी मागितला नाही.
आज तो उचलून वर ठेवला
तर कोऱ्या रकान्याचे सगळे जोडे
शोधातून नाहीसे होतील,
रुंद असूनही,
त्या पायांना झाले असते तरीही.
असून नसल्यात जमा.

ती खाली जाते. खाली हेल्दुर,
पूर्वी जोडे शिवायचा, आता खोकी उचलतो.
'टेप आहे?'
तो खिशातून काढतो.
खिशातून, कपाटातून नाही.

चवडा जिथे सर्वांत रुंद, तिथे.
तो आकडा सांगतो, ती लिहिते.
लेबलावर छापलेलं वाचून
मधूनच नाकातल्या नाकात हसतो.
'पायाची मापं दोन,' तो म्हणतो,
'सकाळचं आणि संध्याकाळचं.
तुझ्या यादीत संध्याकाळ आहे?'
नाही. तिच्या यादीत संध्याकाळ नाही.

नऊ दिवस. बोटांना रबराचा वास.
शुक्रवारी मांडणी बदलते:
माप, रुंदी, घालायची सोय, ऊब, किंमत.
रंग 'आणखी'च्या खाली. कंपनीही.
तार्वो पाहतो, काही बोलत नाही.
सोमवारी बोलेल.

रविवारी रात्री ती घरून आकडे बघते.
'रुंद'वर सदतीस बोटं.
एक जोडा निघाला विल्यांदीला,
एक वाल्गाला, बिनचेनचा.
आणि आत्ता, चार मिनिटांपूर्वी, कुणीतरी:
'एकच हवा. डावा.'

उर्वे उठते, दिवा लावते,
आणि एकतीसच्या एकतीस रकाने
पहिल्यापासून वाचायला घेते.