बद्द

आमच्या इमेरेतीत रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात,
आत द्राक्षांचा रस, वर दगडी चकती, तिच्यावर माती.
म्हणजे घेणाऱ्याला नंतर दिसतं काय?
एक काळं तोंड.
बाकी सगळं बाबांच्या शब्दावर.

आणि बाबांचा शब्द तीन दऱ्यांपलीकडे पोचत नव्हता.
म्हणून गोचा मेहुणे म्हणाले, फोन काढ, तेकला,
साठ लारीत दहा हजार माणसं मिळतात
बसल्या जागी.
मी घेतली. खोटं कशाला सांगू.
दहा हजार नावं,
एकालाही तहान नव्हती.

मी लिहिलं : तीनशे वर्षांची परंपरा. जगात सर्वोत्तम.
मागे कुणा दुसऱ्याच्या मळ्याचा फोटो,
आमच्याकडे ऊन तसं पडतच नाही.
बाबांना वाचून दाखवलं.
ते शिडीवर, कोपरापर्यंत मातीत.
"कोण म्हणतं असं?"
तुम्हीच की.
"मी तर सकाळपासून इथं वर आहे."

दिवसाला तीन बोटं चढते भिंत.
घाई करून चौथं बोट चढवलं
तर खालची ओल बसते, आपल्याच वजनानं,
आवाजही न करता.
हे मला लहानपणापासून ठाऊक,
पण मातीबद्दल.

ऑगस्टच्या भट्टीत सात रांजण होते. आठ दिवस आग.
सहावा बाहेर काढला,
बाबांनी बोटाच्या पेरानं ठोकला
आणि कान लावून उभे राहिले,
जरा जास्तच वेळ.
बद्द.

रात्री मी तो आवाज फोनवरून जगाला ऐकवला.
विचारलं नाही कुणाला.
खाली एवढंच : हा विकणार नाही.
तडा दोन वितींचा, डाव्या कुशीत.
लाकूड ओलं होतं. चूक आमची.

बाबा तीन दिवस बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी म्हणाले,
"दोन नाही. अडीच वीत."
मी दुरुस्त केलं.

तेलावीहून एकानं विचारलं,
मग त्या फुटक्याचं काय केलंत?
कुत्रा झोपतो त्यात. फोटो पाठवला,
एक पाय बाहेर.
त्यानं काही घेतलं नाही,
पण रोज डोकावू लागला, येता-जाता.
मग त्याचा साडू.
मग ल्युब्लियानाची एक बाई,
तिला थंडीच्या आत हवा होता.
नाही होणार, मी लिहिलं, माती वाळत नाही. मे महिन्यात.
मे चालेल, ती म्हणाली,
आणि अर्धे पैसे आले, मी मागायच्या आधी.

त्या दहा हजारांना मी हातानं काढलं,
दिवसाला जमतील तितके,
जवळजवळ पूर्ण हिवाळा गेला.
उरले एकशे बेचाळीस.
बाबांनी आकडा पाहिला,
फोनच्या काचेवर पेर ठोकलं, कान जवळ नेला.
"कच्चं आहे अजून," म्हणाले,
आणि शिडीकडे गेले.

इथं थांबले असते तर बरं होतं.
पण ओझुर्गेतीच्या इझोल्दाबाईंनी लिहिलं, सगळ्यांसमोर :
रांजण पाझरतो. फसवलं.
आणि एकच चांदणी.
गोचा म्हणाले, पुसून टाक, दोन सेकंदांचं काम.
बाबांनी मधमाश्यांचं मेण कापडात बांधलं,
पहाटेची मिनीबस पकडली.

रात्री परतले, नखांत मेण.
काय म्हणाल्या?
"काही नाही. मी निघालो तशी कडी लावली."

चांदणी अजून तिथंच आहे, एकटी.
तिच्याखाली आमचं उत्तर :
आलो होतो. मेण पुन्हा लावलं. पाझरला तर पुन्हा येऊ.
त्याच्याखाली कोरं.

दर रविवारी बाबा विचारतात,
ती बाई काय म्हणते?
काहीच नाही.
"म्हणजे पाझरत नसेल."
मग पाव मोडता मोडता हात थांबतो.
"किंवा असेल."