हानुसचा पत्ता

हार्बर ऑफिसातला जुना संगणक मंगळवारी गेला,
त्याच्याबरोबर फ्योराही गेली.
फ्योरा म्हणजे आमच्याकडे ओहोटी,
आणि हानुसनं लिहिलेला प्रोग्रॅमसुद्धा,
कुठल्या सामुद्रधुनीत पाणी किती वाजता उलटेल ते सांगणारा.
क्लाक्सविकच्या निम्म्या होड्या त्याच्या भरवशावर.

तयार फ्योरा नव्या यंत्रावर चालेना.
कोड मात्र उघडा होता, कुणीही न्यावा असा.
उतरवून घेतला. सूचनांची फाइल तीन ओळींची:
कॉन्फिगर चालवा.
मेक चालवा.
कॉफी घ्या.
हानुस बोलायचाही असाच,
नमनाला थेंबभर तेल नाही.

मी कॉफी आधी घेतली. तिथेच चुकलं असावं.

पहिल्या घासाला खडा: एक लायब्ररी सापडत नाही.
ती आणली तर तिला दुसरी हवी,
दुसरीला तिसरी, तीही सात वर्षांपूर्वीची,
नवी म्हणते, या फंक्शनला मी ओळखत नाही.
एकीला जेवायला बोलवावं
आणि अख्खी भावकी दारात,
प्रत्येकीचा मानपान वेगळा.

रात्री अकरापर्यंत सगळ्यांची समजूत घातली.
तरी पडदाभर लाल अक्षरं.
घोडं नेमकं कुठे पेंड खातंय कळेना.
भाचीला फोन लावला, दाग्नी, तोर्शावनला शिकते.
ती जांभई देत म्हणाली,
"आत्या, शेवटची ओळ वाचू नकोस, पहिली वाच.
बाकीच्या नुसत्या तिच्या नावानं रडतात."

दोनशे ओळी वर सरकले.

होम, तिरकी रेघ, हानुस, तिरकी रेघ, मोजमापं:
अशी कुठलीही फाइल किंवा फोल्डर नाही.

म्हणजे जगाला वाटलेल्या कोडात
ह्या माणसानं स्वतःच्या घरचा पत्ता लिहून ठेवला होता.
त्याच्याकडे तो सापडायचाच.
दुसऱ्या कुणी कधी बांधून बघितलंच नव्हतं.

त्याला जाऊन दोन हिवाळे झाले.
खरं घर विकलं, तिथे आता
नॉर्वेहून आलेला दातांचा डॉक्टर राहतो.

"इतिहास बघ," दाग्नी म्हणाली.
बघितला. अकरा वर्षांमागे एक नोंद:
मोजमापं काढून टाकली, फार जड.
तिच्या एक पाऊल मागे गेले
आणि एक्केचाळीस फाइली जशाच्या तशा,
तास, खोली, वेग,
आणि मधूनच चौकटीचं चिन्ह देऊन त्याची शेरेबाजी:
# धुकं. काही दिसलं नाही. अंदाजे.
# बोट उसनी. डिझेलचे पैसे देणं बाकी.
# बर्फ. दोरी रान्वानं धरली. बडबड फार.

कंपायलर त्या ओळी वाचत नाही.
मी वाचल्या.
सोळा वर्षांची होते. हातमोजे त्याचे होते.

पाथ बदलणं अर्ध्या मिनिटाचं काम.
मी तसं केलं नाही.
नव्या यंत्रावर होमच्या आत
हानुस नावाचं फोल्डर केलं.
यंत्रानं पासवर्ड मागितला;
दिला. घर बांधायला परवानगी लागतेच.
फाइली आत ठेवल्या. मेक.

दोनशे बारा वॉर्निंगा.
एकही जीवघेणी नाही.
मग काहीच नाही, नुसता लुकलुकणारा कर्सर,
आणि फ्योरा उभी.

लेर्विक, आज, चार चाळीस, ती म्हणाली.
दुपारी समुद्राखालच्या बोगद्यातून लेर्विकला गेले,
धक्क्यावर घड्याळ धरून उभी राहिले.
चार चाळीस: पाणी आपल्याच तंद्रीत उत्तरेला.
पाच: तेच.
वाटलं, एखादी फाइल उलटीसुलटी पडली.

जाळं आवरणारा एक म्हातारा बघत होता.
"फ्योरा का?" त्यानं विचारलं. "मग एक मिळव.
हानुस उन्हाळी वेळ मानायचा नाही."

पाच चाळीसला
पाणी थबकलं, पृष्ठभागाला सुरकुती पडली,
आणि फिरलं.

दाग्नी म्हणते, एका ओळीचं काम आहे,
पॅच पाठवून दे.
पाथचा पाठवला.
तासाचं बघू.